अ‍ॅव्हरेज बारा!

आमची नवी गाडी घरी येण्याआधी विसर्जनाला जाऊन आली.

हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग गंभीर होतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे... बुडाली?" नाही हो, बुडाली नाही! (बुडायची राहिली. ते पुढे येईलच.) पण दसऱ्याच्या संध्याकाळी, झेंडूच्या माळा घालून, कपाळाला कुंकू लावून, ढाक नावाच्या बंगाली ढोलांच्या दणदणाटात ती गंगेच्या घाटावर पोचली हे खरं आहे. चालवणारी मीच होते. म्हणजे स्टिअरिंग माझ्या हातात होतं, एवढंच मी शपथेवर सांगू शकते.

बँकेनं माझी कोलकात्याला बदली केली तेव्हा मी, नवरा मिलिंद आणि मुलगी रेवा असे तिघं तिथल्या बेहाला नावाच्या भागात राहायला आलो. नाशिकहून आमची छोटी गाडीही आली. आता माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आहे आणि ती गाडी माझ्यापेक्षाही बुटकी होती. तिच्यात बसून मला कोलकाता शहर कसं दिसायचं? टायर! डावीकडे बसचा टायर, उजवीकडे ट्रकचा टायर, मधूनच एखाद्या पिवळ्या टॅक्सीचं दार. मिनीबसचे कंडक्टर तर माझ्या गाडीच्या टपावर थाप मारून "हटो, हटो" म्हणायचे. टपावर! दारात आलेल्या वासराला हाकलावं तसं! आणि पावसाळ्यात बेहालात पाणी तुंबलं की गाडीत चपला तरंगायच्या.

एकदा ऑफिसातल्या एका बाईंनी मला त्यांच्या मोठ्या एसयूव्हीतून घरी सोडलं. सिग्नलला शेजारी मिनीबस थांबली, मी सहज मान वळवली आणि कंडक्टरचं तोंड थेट माझ्या तोंडासमोर! मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यानं नजर खाली घातली. त्या क्षणी मी ठरवलं, घ्यायची तर हीच. अशीच उंच, अशीच रुंद, सात सीटांची!

"अ‍ॅव्हरेज किती?" मिलिंदनं विचारलं.

हा प्रश्न येणारच होता. मिलिंद कुणाला "कसे आहात?" विचारत नाही, "अ‍ॅव्हरेज किती देते?" विचारतो. सिग्नल लाल व्हायच्या आधी इंजिन बंद करणारा, उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डोळे मिटून आनंद घेणारा हा माणूस. जुन्या गाडीतली पायपुसणी त्यानं काढून टाकली होती. वजन होतं म्हणे त्यांचं!

"बारा देते," मी ठणकावून सांगितलं. (शोरूममधल्या पोरानं सांगितलं होतं. त्यानं "हायवेवर" असंही सांगितलं होतं, पण प्रत्येक गोष्ट नवऱ्याला सांगायची नसते.)

"बारा? अगं, तो रणगाडा आहे! शहरात आठ देईल."

"बारा म्हणजे बारा!"

"आणि नाही दिलं तर?"

माझा राग माझ्याआधी बोलतो. "नाही दिलं तर गाडी कर्नलसाहेबांना देऊन टाकू!" मी म्हणाले.

कर्नलसाहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळातले, बराकपूरला स्थायिक झालेले निवृत्त गृहस्थ. त्यांनाही हीच गाडी हवी होती, पण वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटीएवढी. मिलिंदनं माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. "वहिनी, काळजी करू नका," कर्नलसाहेब आनंदानं म्हणाले, "बाराच्या खाली आली की मी आहे! तुमची गाडी मी माझीच समजून वापरीन." झालं! माझी गाडी येण्याआधीच तिला सासर मिळालं.

आता गाडी आणायची कधी? आमच्याकडे हा प्रश्नच नसतो. साडेतीन मुहूर्त कशाला केलेत? दसरा! पण शोरूममधल्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, दशमी को? दशमी को तो मा चली जाती है। उस दिन सब रोते हैं। उस दिन कोई घर में कुछ लाता है?"

"हमारे में उसी दिन लाते हैं."

"रास्ते बंद रहेंगे, मॅडम. विसर्जन है."

"भीड तो हमने पुणे में भी देखी है," मी म्हणाले. (मी नाशिकची आहे. पण परगावात माणूस जरा वजनदार गावाचं नाव घेतो.)

तर दसऱ्याला दुपारी विजय मुहूर्तावर, माझ्या हट्टासाठी अर्धवट उघडलेल्या त्या बायपासवरच्या शोरूममध्ये आम्ही गाडीची पूजा केली. आपट्याची पानं मिळाली नाहीत, रेवानं सोसायटीतल्या कांचनाची आणली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक, पुढे माळ, मागे माळ. पांढरीशुभ्र गाडी नवरीसारखी दिसत होती. मी उशी घेऊन चालकाच्या जागेवर चढले. चढले म्हणजे खरंच चढले, आधी पायरी, मग दांडी, मग सीट. वर पोचल्यावर मला सगळा बायपास दिसला! मला रडूच आलं.

"शेजारीच पंप आहे," मिलिंद म्हणाला. "टाकी फुल्ल करू आणि पुन्हा फुल्ल होईपर्यंत मोजू. तीच शास्त्रीय पद्धत."

"मुळीच नाही! टाकी भरली की वजन वाढतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं."

मिलिंद माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याची शिकवण पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडली होती. तो गहिवरला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मग असं करू. शोरूमनं जेवढं पेट्रोल घालून दिलंय तेवढं संपू दे. ते संपल्यावर स्क्रीनवर जो आकडा दिसेल तो शेवटचा."

"मंजूर!"

मग मी वजन उतरवायला घेतलं. तांब्या, ताम्हण, उरलेले नारळ, सगळं शोरूमच्या रखवालदाराला दिलं. एसी बंद. खिडक्याही बंद, कारण उघड्या खिडकीनं वारा अडतो आणि पेट्रोल जळतं. (हेही मिलिंदचंच ज्ञान.) बायपास मोकळा होता. अ‍ॅक्सिलरेटरवर मी पाय असा ठेवला होता की जणू खाली झोपलेलं बाळ असावं. मागे रेवा घामानं निथळत आकडे वाचत होती.

"आई, तेरा! तेरा पॉइंट दोन!"

"बघ!" मी मिलिंदला म्हणाले. "रणगाडा म्हणे!"

"पेट्रोलचा दिवा लागलाय," मिलिंद म्हणाला.

"लागू दे. दसरा आहे."

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूनं होतं. मिलिंद तर तेराच्या समाधानात घोरायलाही लागला. पण बायपास सुटला आणि शहर लागलं. जिथे तिथे बांबूचे अडसर, इथून वळा, तिथून जा, पुढे बंद. गाडी गोगलगायीसारखी सरकायला लागली आणि आकडा विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा खाली निघाला.

"बारा... आई, अकरा पॉइंट चार... आई, दहा!"

"वाचू नकोस!"

"तूच सांगितलंस वाचायला!"

बेहालात शिरेपर्यंत आकडा साडेनऊवर आला होता. माझ्या डोळ्यांसमोर कर्नलसाहेब माझ्या गाडीत बसून सकाळच्या हवेत बराकपूर फिरताना दिसायला लागले. मी पेटले! "मला एक शॉर्टकट माहीत आहे," मी म्हणाले आणि गाडी एका गल्लीत घातली.

(शॉर्टकट मला खरंच माहीत होता. जुन्या गाडीच्या रुंदीचा.)

गल्लीत शिरले आणि समोर दुर्गामाता! म्हणजे आमच्याच पाड्यातल्या, आपल्या भाषेत मोहल्ल्यातल्या, क्लबची मूर्ती, ट्रकवर चढवलेली, नुकतीच निघालेली. मी मुकाट्यानं ट्रकच्या मागे लागले. म्हटलं, हिच्या मागून मोठ्या रस्त्याला लागू. तेवढ्यात माझ्या मागे बाजूच्या मांडवातून क्लबची सगळी मंडळी बाहेर पडली. ढाकवाले, धूप घेतलेली पोरं, सिंदूर खेळून लालेलाल झालेल्या बायका, काठी टेकत निघालेल्या म्हाताऱ्या मासिमा. पुढे देवी, मागे भक्त आणि मधे मी! आणि दोन्ही बाजूंना मांडवाचे बांबू असे, की आमच्या गाडीच्या आरशांनी दोन्हीकडची रोषणाई पुसत नेली.

आणि तिथे गाडी बंद पडली.

खाकरली नाही, थरथरली नाही, एखाद्या सभ्य माणसासारखी गप्प झाली. देवीचा ट्रक पुढे निघून चालला. मागची सगळी गर्दी माझ्या गाडीवर येऊन थबकली. बाजूनं जायला उंदराएवढीही जागा नव्हती. माय पुढे, लेकरं मागे! दशमीच्या दिवशी अख्ख्या पाड्याची त्यांच्या देवीपासून मी ताटातूट केली होती.

क्लबचे सेक्रेटरी मोंटूदा बॉनेटवरूनच सरपटत माझ्या खिडकीशी आले. "बौदी! की होलो? गाडी शोरान!" म्हणजे वहिनी, काय झालं, गाडी हटवा!

"पेट्रोल... खतम," मी म्हणाले.

"तेल नेई?" मोंटूदांनी वर बघितलं, खाली बघितलं, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि गर्दीकडे वळून पुकारा केला, "एतो बडो गाडी, तेल नेई!"

एवढी मोठी गाडी आणि तेल नाही! हे वाक्य मागे मागे जात गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं आणि तिथून हशा परत आला. मिलिंद दचकून जागा झाला, तोंड लपवत मागच्या दारानं खाली उतरला आणि ढकलायला लागला. क्लबची पोरंही आली. पण रणगाडा कुठे हलतोय? शेवटी मोंटूदांनी शिट्टी मारून ट्रक थांबवला, मूर्ती बांधायचा जाडजूड दोर काढला आणि एक टोक ट्रकला, एक टोक माझ्या गाडीला बांधलं.

"बौदी, चाबी ऑन रखना. नहीं तो स्टिअरिंग लॉक हो जाएगा."

मी किल्ली फिरवली. स्क्रीन उजळली. नऊ पॉइंट तीन! मी डोळे मिटून घेतले. पेट्रोल संपलं, आकडा शेवटचा, गाडी कर्नलसाहेबांची!

दोर ताणला. गाडी हलली. लोकांनी जयजयकार केला. आणि "मासिमा को बिठा लो, बौदी" म्हणत कुणीतरी मागचं दार उघडलं. एक मासिमा चढल्या, दुसऱ्या चढल्या, तिसऱ्यांनी नात आणली. सात सीटांच्या गाडीत किती माणसं बसली ते मी मोजलं नाही, पण मिलिंदला जागा उरली नाही. तो बिचारा ढाकवाल्यांच्या ताब्यात सापडला. मागच्या काचेतून बघितलं तर त्याच्या हातात कुणीतरी धुपाटणं दिलं होतं आणि आमचा मिलिंद नाचत होता!

"आई," रेवा माझ्या कानाशी आली. "आकडा."

"आता काय बघायचंय त्यात?"

"वाढतोय."

मी बघितलं. नऊ पॉइंट सहा! अहो, गाडी चालतेय आणि पेट्रोलचा थेंब जळत नाहीये! त्या बिचाऱ्या स्क्रीनला काय माहीत पुढे ट्रक आहे म्हणून? तिला वाटतंय, काय ही बाई, काय हा हलका पाय! मी ताठ बसले. माझ्या अंगात नवं बळ आलं!

"आई, हे चीटिंग आहे."

"सीमोल्लंघन आहे. दसऱ्याला करतात."

इंजिन बंद असलं की ब्रेक दगड होतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा ट्रक थांबला की मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहायचे. आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं कुठल्यातरी गाडीच्या छताला लागलं! मागे मासिमा जीभ हलवून उलूचा मंगलध्वनी काढत होत्या, एकीनं माझ्या गालांना सिंदूर फासला, दुसरीनं माझ्या तोंडात संदेश नावाची मिठाई कोंबली. फुटपाथवर दोन्ही बाजूंना लोक उभे, ट्रकवरच्या देवीला हात जोडताहेत आणि मग तसेच जोडलेले हात आमच्या गाडीकडे! दहा पॉइंट दोन. दहा पॉइंट आठ. मिनीबस बाजूला थांबवल्या होत्या आणि त्यातले कंडक्टर मला नमस्कार करत होते. मला! मीही दोन्ही हात जोडले, मग घाबरून पुन्हा स्टिअरिंग धरलं.

अकरा पॉइंट एक झाले आणि मोंटूदा धावत आले. "बौदी! पंप! पेट्रोल पंप खुला है! रस्सी खोल दूँ?"

समोर पंप होता. पेट्रोल घातलं की नियमाप्रमाणे खेळ खलास. अकरा पॉइंट एक म्हणजे बराकपूर! मी चेहरा शक्य तितका पवित्र केला.

"नहीं, मोंटूदा. पहले मा."

मोंटूदांचे डोळे भरून आले. ते मागे वळून सगळ्यांना सांगायला लागले, की बघा, ही परगावची बाई, हिची गाडी बंद आहे, समोर पंप आहे, पण म्हणते आधी देवीला पोचवू द्या! "की भोक्ती!" मासिमा माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. रेवा खिडकीबाहेर बघत होती. आईच्या भक्तीची लाज वाटणारी एवढी एकच मुलगी त्या मिरवणुकीत असेल.

तेवढ्यात कर्नलसाहेबांचा फोन! रेवानं स्पीकरवर टाकला.

"वहिनी, पोचलात का? आकडा काय?"

"अजून... रस्त्यात आहोत!" मी ढाकच्या वरताण ओरडले.

"अजून? तुमच्या गाडीत इतकं पेट्रोल होतं?"

"मोजून चालवतेय!"

घाटावर पोचलो तेव्हा आकडा होता अकरा पॉइंट नऊ. अकरा पॉइंट नऊ! मी ट्रककडे आशेनं बघितलं, पण ट्रक थांबला होता. दोर सोडून ट्रक बाजूला घेतला. मासिमा एकेक करून उतरल्या. देवीला उतरवायला माणसं धावली, "आश्छे बॉछोर आबार होबे!" असा गजर झाला. पुढच्या वर्षी पुन्हा होईल! मी मनात म्हटलं, माझं पुढच्या वर्षी नाही हो, माझं आत्ताच व्हायला हवं, एका पॉइंटसाठी अडलंय! मला खरंच हुंदका आला. एवढी ओढाताण झाली आणि गाडी जाणार. पुन्हा ते टायर, पुन्हा ती टपावरची थाप. मी डोळे पुसायला रुमाल शोधू लागले आणि ब्रेकवरचे पाय काढले.

घाटाला उतार असतो.

गाडी हळूच निघाली. मग भराभर निघाली! समोर गंगा, दुसरं काही नाही! मी किंचाळले, "अगं आई गं!" घाटावरच्या पोलिसानं शिट्टी फुंकली, मोंटूदा हात पसरून धावले, विसर्जनाच्या लोकांमधला एक जण गाडीवरच्या माळा बघून ओरडला, "एटाओ जाबे?" म्हणजे हीसुद्धा बुडवायची का? मी दोन्ही पायांनी ब्रेक शोधत होते, पण पायाखाली उशी आली होती! मासिमांनी एकसाथ उलू सुरू केला. आणि या सगळ्या गोंधळात रेवाचा आवाज:

"आई, बारा!"

"काय?"

"बारा पॉइंट झीरो!"

"मग ओढ ना ब्रेक!"

रेवानं हँडब्रेक ओढला. पुढची चाकं पाण्यापासून हातभर अंतरावर थांबली. गंगेची एक लाट आली, नंबरप्लेटला लागली आणि परत गेली. घाटावर जयजयकार झाला. देवीचा की माझा, ते मी विचारलं नाही.

मिलिंद गर्दीतून वाट काढत आला. केस विस्कटलेले, शर्ट घामानं ओला, तोंड सिंदुरानं लाल. त्यानं आधी रेवाला जवळ घेतलं, मग मला विचारलं, "लागलं नाही ना?" आणि मग, स्वभावाला औषध नाही, त्याची नजर स्क्रीनवर गेली.

तो बघतच राहिला. "बारा? पेट्रोल संपलं तेव्हा बारा होतं?"

"आकडा समोर आहे," मी म्हणाले. हे तरी खोटं नव्हतं.

"बाबा, मी सांगते..." रेवानं तोंड उघडलं. मी त्यात संदेश कोंबला.

मिलिंदनं भर घाटावर माझा हात हातात घेतला. "मी तुला ओळखलंच नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नातही नव्हतं एवढं! लगेच त्यानं कर्नलसाहेबांना फोन लावला. "साहेब, बारा! विसर्जनाच्या गर्दीत! होय, हिनं चालवली!" आणि गाडी माझी झाली.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मिलिंद गप्प बसेल तर ना! सॉल्ट लेकला मंडळाच्या कोजागिरीला त्यानं दूध आटेपर्यंत सगळ्यांना माझ्या पायाचा हलकेपणा समजावून सांगितला. "मी चालवतो तेव्हा सात देते," तो अभिमानानं म्हणाला, "आणि ही चालवते तेव्हा बारा!" बायकांनी माझ्याकडे असूयेनं बघितलं, पुरुषांनी आदरानं. आणि कर्नलसाहेबांनी त्याच विश्वासावर आपल्या गाडीचं बुकिंग पक्कं केलं.

त्यांची गाडी मागच्या महिन्यात आली. सात देते. त्यांनी शोरूमला तक्रार केली, शोरूमनं वर कळवलं, वरून उत्तर आलं की शहरात बारा शक्यच नाही. कर्नलसाहेब कसले ऐकतात! परवा त्यांचा फोन आला. "वहिनी, मी त्यांना ठणकावून सांगितलंय, आमच्याकडे पुरावा आहे! त्यांचे दोन इंजिनियर येताहेत. तुमच्या शेजारी बसणार, तुम्ही बेहाला ते घाट चालवायची आणि ते आकडा लिहून घेणार. अख्खं मंडळ बघायला येतंय!"

मी लगेच रजा टाकली. आईची तब्येत बरी नाही असं सांगितलं (आई ठणठणीत आहे, स्वयंपाकघरात लाडू वळतेय) आणि सध्या नाशिकला माहेरी बसून हे लिहिते आहे. आले ट्रेननं. आणायची तर गाडीच होती हो, पण कोलकात्याहून नाशिकपर्यंत ओढत आणणारा ट्रक मिळाला नाही!